आठ मीटरची गाडी आणि माझं घोरणं



दर वेळी मी इथे एखाद्या आजाराबद्दल लिहितो आणि उदाहरण म्हणून एखादा रुग्ण घेतो, नाव-गाव बदलून. या वेळी नाव-गाव बदलायची गरज नाही. रुग्ण मीच आहे. आणि आजार सापडला तो तपासणीच्या टेबलावर नाही, तर एका सहलीचा बेत आखताना.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, गेली तीस वर्षं कॅनडात एडमंटनला असतो. वय सहासष्ट, आता निवृत्त. त्याची फार जुनी इच्छा: अलास्का हायवेने शेवटपर्यंत जायचं. विमानाने नाही, बोटीने नाही, रस्त्याने. दोघं भाऊ, दोघी जावा, आणि भाड्याची एक मोटरहोम. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घरच असतं ते. आत ओटा, फ्रीज, पलंग, संडास-बाथरूम, गरम पाणी. तिकडे तिला आरव्ही म्हणतात. दादाने निवडलेली गाडी सत्तावीस फुटी, म्हणजे आठ मीटरच्या थोडी वर. आपल्याकडच्या मिनीबसपेक्षा लांब.

गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. "अरे, सहासष्ट झालो. एक अँजिओप्लास्टी झाली आहे, इन्शुलिन चालू आहे. आता नाही तर कधी? तू बरोबर असलास तर मी निर्धास्त. डॉक्टरच बरोबर!"

मीही खूश झालो. आणि कामाला लागलो.

रस्ता कसा आहे

हा रस्ता दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी लष्कराने साधारण आठ महिन्यांत काढला. सुरुवात ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून, शेवट अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला. लांबी आज सुमारे २,२०० किलोमीटर. पुढे फेअरबँक्सपर्यंत आणखी दीडशे. त्याआधी एडमंटनहून डॉसन क्रीकला पोचायलाच सहाशे किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ सहा हजार. आज जवळजवळ सगळा रस्ता डांबरी आहे, पण क्लुएन सरोवराच्या पुढे जमिनीखालचा कायमचा बर्फ वितळतो, गोठतो, आणि रस्त्याला लाटा येतात. तिथे गाडी ताशी पन्नास-साठनेच हाकायची.

वाटेत पाहण्यासारखं खूप आहे. लिआर्ड नदीजवळचे गरम पाण्याचे झरे, रस्त्याच्या कडेला चरणारे रानगव्यांसारखे बायसन, वॉटसन लेकचं पाट्यांचं जंगल. १९४२ साली घरची आठवण येणाऱ्या एका सैनिकाने आपल्या गावाच्या नावाची पाटी तिथे ठोकली. मग येणाराजाणारा प्रत्येकजण आपापल्या गावाची ठोकत गेला, आणि आज तिथे हजारो पाट्या आहेत. दादाने माझ्याकडून साताऱ्याची पाटी आधीच मागून ठेवली आहे.

पण डॉक्टरची नजर नकाशावर दुसरंच शोधते. मी रुग्णालयं शोधत होतो. फोर्ट नेल्सनला एक लहान रुग्णालय. तिथून वॉटसन लेक पाचशे किलोमीटर, तिथेही लहानच. आणखी साडेचारशे किलोमीटरवर व्हाइटहॉर्स, युकॉनची राजधानी, तिथे बऱ्यापैकी मोठं रुग्णालय. त्यानंतर थेट फेअरबँक्स; मधल्या नऊशे-साडेनऊशे किलोमीटरवर फक्त छोटी आरोग्य केंद्रं. गंभीर हृदयरुग्णाला तिथून विमानानेच मोठ्या शहरात न्यावं लागतं. आणि बऱ्याच टप्प्यांत मोबाइलला रेंज नाही.

आपल्याकडे हार्ट अटॅकचा 'सुवर्णतास' मी रुग्णांना समजावून सांगतो. या रस्त्यावर तो तास रुग्णालयाची पाटी दिसायच्या आधीच संपू शकतो. म्हणून अशा प्रवासाची तब्येतीची तयारी घरीच, निघण्याआधी पुरी करायची असते. वाटेत दुरुस्त करू, हे तिथे चालत नाही.

मी केलेली यादी

मी वही काढली आणि चौघांची पानं केली. तुम्हाला पुढेमागे मुलांकडे परदेशी जायचं असेल, लांबचा प्रवास करायचा असेल, तर ही यादी उपयोगी पडेल.

दादाचं पान. मधुमेह, इन्शुलिन, अँजिओप्लास्टी. निघण्याआधी त्याच्या तिकडच्या हृदयतज्ज्ञाची तपासणी. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात, सामानात नाही. इन्शुलिन फ्रीजमध्ये, पण मोटरहोमच्या फ्रीजमध्ये आतल्या थंड पट्ट्यांना चिकटवून ठेवायचं नाही, कारण गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामीच असतं. ते फेकायचं. वापरात असलेलं पेन साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं, मात्र डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्टिअरिंगला बसण्याआधी साखर तपासायची, आणि मध्ये दर दोन तासांनी. तिकडचं यंत्र वेगळ्या एककात आकडा दाखवतं. त्याला अठराने गुणलं की आपला आकडा मिळतो. दादाचा नियम ठरला: त्याच्या यंत्रावर पाच, म्हणजे आपले नव्वद, याच्या खाली असेल तर आधी खायचं, साखर वर आल्याची खात्री करायची, मगच गाडी.

वहिनींचं पान. गुडघेदुखी आणि पायांवर सूज. चार तासांहून जास्त वेळ एकाच जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. हे फक्त विमानाला लागू नाही. बस, रेल्वे, मोटार, सगळ्यांना लागू आहे. मुळात धोका लहान, म्हणून घाबरायचं नाही. पण दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चालायचं, बसल्या जागी घोटे हलवायचे आणि पाणी प्यायचं. 'वाटेत लघवीला कुठे जायचं' म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, हे मी रोज पाहतो. मोटरहोममध्ये ती सबब उरत नाही. एकाच पोटरीत दुखून सूज आली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र वाट पाहायची नाही.

सौ.चं पान. थायरॉइडची गोळी, आणि गाडी लागते. तिला पुढे तोंड असलेली सीट, आडवी नाही. गाडी लागण्यावरच्या गोळ्यांनी झोप येते. ती घेऊन मागे झोपायला हरकत नाही. पण चालकाने ती गोळी, किंवा झोप आणणारी सर्दीची गोळीसुद्धा, घ्यायची नाही.

मग सगळ्यांसाठी:

- औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव हवं. आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन या नावाने मिळतं. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांवर सीमेवर कडक नियम असतात, त्यांची आधी चौकशी करायची.
- विमा. जुना आजार फॉर्मवर लपवायचा नाही. लपवला तर नेमका गरजेच्या वेळी विमा कंपनी हात वर करते. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, ते वाचायचं. दादाच्या प्रांताचा सरकारी विमा अलास्कात अगदी थोडाच खर्च उचलतो, त्यामुळे त्यालाही वेगळा विमा हवा.
- उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण. काही नव्या फोनमध्ये ही सोय असते, पण ती कशी वापरायची हे घरी शिकून घ्यायचं.
- कार्बन मोनॉक्साइडचा गजर चालू आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच तपासायचं. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद गाडीत सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं, तर 'खाण्यात काही आलं' म्हणायचं नाही. आधी बाहेर पडायचं. गॅसची शेगडी गाडी गरम करायला कधीच वापरायची नाही.
- ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच.

वही छान भरली. मी ती सौ.ला दाखवली, थोड्या ऐटीतच. तिने चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि विचारलं, "अहो, तुमचं पान कुठंय?"

चौथं पान

मी म्हटलं, माझं काय? ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या, बाकी ठणठणीत.

ती काही बोलली नाही. दादाने पाठवलेला गाडीचा आतला नकाशा तिने पुढे ओढला. मागे एक पलंग, चालकाच्या डोक्यावर एक पलंग, मध्ये पडदा. "एवढ्याशा जागेत दादांना आणि वहिनींना झोप कशी लागणार? तुमचं घोरणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं."

मी हसलो. घोरण्यावरचे विनोद आमच्या घरी जुने आहेत. पण ती हसत नव्हती.

"मला घोरण्याची सवय झाली हो," ती म्हणाली. "मला भीती वाटते ती घोरणं थांबतं त्याची. मध्येच थांबतं. मी जागी होऊन मोजते. पंधरा, वीस. मग तुम्ही दचकल्यासारखा श्वास घेता, आणि पुन्हा सुरू. किती वर्षं मोजतेय मी."

वाचकहो, मी एमडी आहे. घोरणं, मध्ये श्वास थांबणं, दचकून पुन्हा सुरू होणं. हे वाक्य एखाद्या रुग्णाच्या बायकोने माझ्यासमोर उच्चारलं असतं तर तिचं बोलणं संपायच्या आत माझ्या कागदावर निदान उतरलं असतं. स्वतःच्या घरात मी ते वर्षानुवर्षं ऐकलंच नव्हतं.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, आणि श्वासाची वाट मिटते. छाती ओढत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घसरतो. मेंदूला धोका कळतो, तो तुम्हाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, श्वास येतो. तुम्हाला यातलं काहीच आठवत नाही. पण असं रात्रीतून शेकडो वेळा झालं, तर आठ तास पलंगावर पडूनही झोप झालेलीच नसते.

माझ्याकडे लक्षणं होती, आणि प्रत्येकाला मी वेगळं स्पष्टीकरण चिकटवलं होतं. सकाळी डोकं जड? रात्री उशिरा वाचलं. रात्री दोनदा लघवीला उठणं? वय झालं, प्रोस्टेट असेल. प्रेशरला एकाच्या दोन गोळ्या? कामाचा ताण. दुपारी खुर्चीत डोळा लागणं? डॉक्टर आहे, दमतो.

आणि एक गोष्ट होती जिला स्पष्टीकरण नव्हतं, म्हणून ती मी कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक व्याख्यान ऐकून संध्याकाळी एकटा परतत होतो. खंबाटकी उतरून पाचवडच्या आसपास आलो असेन. मागच्या ट्रकच्या हॉर्नने मी दचकलो आणि पाहिलं तर माझी गाडी लेन सोडून दुभाजकाकडे निघाली होती. किती वेळ डोळे मिटले होते, माहीत नाही. समजा तीन सेकंद. ताशी नव्वदच्या वेगाने तीन सेकंदांत गाडी पंचाहत्तर मीटर जाते. पंचाहत्तर मीटर ती गाडी कुणीच चालवत नव्हतं. पुढच्या हॉटेलात थांबून मी चहा प्यायलो, तोंड धुतलं आणि घरी आलो. सौ.ला म्हटलं, ट्रॅफिक होतं.

आता मी आठ मीटरची गाडी, उजव्या बाजूच्या वाहतुकीत, तीन माणसं मागे बसवून हजारो किलोमीटर चालवायला निघालो होतो.

सहा आणि पंधरा

माझ्या दवाखान्याच्या खणात एक छोटा फॉर्म असतो. एपवर्थ झोपाळूपणाची मोजणी. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी तो १९९१ साली मांडला. आठ प्रसंग दिलेले असतात: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत गप्प बसलेलं असताना, तासभर गाडीत मागे बसलेलं असताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि गाडी सिग्नलला काही मिनिटं थांबली असताना. प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन गुण. एकूण चोवीस. दहाच्या वर गेलात तर तपासणी हवी.

मी भरला. सहा गुण. समाधानाने कागद ठेवला.

सौ.ने दुसरा कोरा फॉर्म घेतला आणि माझ्यासाठी भरला. पंधरा.

दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. हेच या आजाराचं कठीण दुखणं आहे. झोपाळू माणसाला आपण झोपाळू आहोत हे कळत नाही, कारण ताजंतवानं असणं म्हणजे काय हेच तो विसरलेला असतो. म्हणून त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात हा फॉर्म दोन प्रतींत भरला जातो: एक रुग्णाने, एक त्याच्या शेजारी झोपणाऱ्याने. तुम्हीही घरी तसंच करा.

आठवड्याभरात तपासणी केली. हल्ली ती घरच्या पलंगावरही होते. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य. पंधरा ते तीस मध्यम. तीसच्या वर तीव्र. माझा आकडा एकेचाळीस. प्राणवायू एकदा चौऱ्याहत्तर टक्क्यांपर्यंत उतरला होता. हा आकडा एखाद्या रुग्णाच्या बोटावर दिसला असता तर मी धावत ऑक्सिजन मागवला असता.

अहवाल वाचून दाखवणारा छातीरोगतज्ज्ञ माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने फार नम्रपणे विचारलं, "सर, गाडी तुम्ही चालवता की ड्रायव्हर आहे?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "उपचार लागू पडेपर्यंत लांबच्या प्रवासाला नका चालवू. तुम्हाला मी काय सांगणार?"

सांगायलाच हवं होतं. उपचार न घेतलेल्या या रुग्णांकडून अपघात होण्याचं प्रमाण इतरांच्या दोन ते तीन पट असतं. आणि खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांनी झोप जात नाही. ती फक्त थोडी लांबते, आणि माणसाला वाटतं की गेली. खरोखर उपयोगी दोनच गोष्टी: गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटांची झोप आणि कॉफी. त्याही तात्पुरत्या.

दादाला फोन

हे दादाला सांगणं मला जड गेलं. तो म्हणाला होता ना, डॉक्टर बरोबर असला की निर्धास्त. गाडी दोघांनी आलटून पालटून चालवायची, हाच सगळ्या बेताचा पाया. वहिनी ती गाडी चालवत नाहीत, सौ.ने तिकडे कधी चालवलेली नाही. मी नाही म्हटलं तर इन्शुलिनवरच्या, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने एकट्याने सहा हजार किलोमीटर न्यायची. म्हणजे जायचंच नाही. निघायचं जूनमध्ये होतं. एकवीस जूनला फेअरबँक्सला असायचं, जिथे त्या दिवशी सूर्य जवळजवळ बावीस तास वर असतो. हे त्याचं स्वप्न होतं.

मी सगळं सांगितलं. पाचवडचंही. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग दादा म्हणाला, "बाबा पण असेच घोरायचे रे. मध्येच थांबायचे. मी आणि तू अंगणात झोपायचो तेव्हा, आठवतं?"

आठवलं. आमचे बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेत गेले. रात्री जेवले, झोपले, सकाळी उठले नाहीत. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस, झोपेत शांत मरण आलं. त्यांना नेमकं काय झालं होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही; मीही सांगणार नाही. पण मी छप्पन्न वर्षांचा आहे, आणि त्या फोनवर आम्ही दोघं भाऊ एकच हिशोब करत होतो.

"जून राहू दे," दादा म्हणाला. "तू आधी मशीन लाव. रस्ता कुठं जातोय? ऐंशी वर्षं तिथंच आहे."

मशीन

उपचार म्हणजे सीपॅप. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी तो पहिल्यांदा मांडला. एक लहान यंत्र खोलीतलीच हवा थोड्या दाबाने मास्कमधून नाकात सोडतं, आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. हा ऑक्सिजन नाही, व्हेंटिलेटर नाही, आणि याची सवय लागून फुप्फुसं आळशी होत नाहीत. बरोबरीने वजन कमी करायचं, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळायच्या, कुशीवर झोपायचं. सौम्य आजारात कधीकधी एवढ्याने भागतं. माझ्या आकड्याला यंत्राशिवाय पर्याय नव्हता.

पहिला आठवडा वाईट गेला, हे लपवत नाही. मास्क कधी गळायचा, कधी नाकावर वळ उठायचा, पहाटे तीनला मी तो काढून फेकायचो. मी कित्येक रुग्णांना "सवय होईल हो" असं सहज म्हटलं आहे. आता म्हणत नाही. आता म्हणतो: मास्कचं माप बदलून पाहा, दुपारी जागेपणी अर्धा तास लावून बसा, तीन आठवडे सोडू नका.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर उजाडलेलं होतं. रात्री एकदाही लघवीला उठलो नव्हतो. डोकं हलकं होतं. मला वाटलं, सौ. आधीच उठून गेली असेल. पण ती शेजारी गाढ झोपली होती. तिला मोजायचं काही उरलं नव्हतं.

नवा बेत

आता निघायचं ते वीस ऑगस्टला. या बदलाचे फायदे नंतर लक्षात आले. तेव्हा डास कमी होतात. युकॉनमध्ये ऑगस्टअखेर पानं पिवळी-तांबडी व्हायला लागतात. आणि मुख्य म्हणजे रात्र परत येते. जूनच्या उजेडात गाडीत झोप लागणं कठीण. ऑगस्टअखेर अंधार असतो, आणि आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेचे दिवे दिसण्याची शक्यताही. दादाला मी म्हटलं, मध्यरात्रीचा सूर्य गेला, पण त्याच्या बदल्यात हे घे. तो म्हणाला, "पाहू. आधी तू जागा राहा."

चौथं पान आता भरलं आहे. ते असं:

सीपॅप विमानात हातातल्या सामानात. बॅगेत टाकून पाठवायचं नाही. सोबत डॉक्टरांचं पत्र.

युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नसते, आणि रात्री जनरेटर लावायचा नाही. शेजाऱ्यांना त्रास आणि विषारी वायूचा धोका. म्हणून वेगळी बॅटरी, जी गाडी चालताना चार्ज होईल. हवा दमट करणारा भाग बंद ठेवला तर यंत्राला वीज बरीच कमी लागते. मोठी बॅटरी विमानात नेता येत नाही, ती दादा तिकडेच घेणार आहे. आणि दोन रात्री बाहेर, तिसरी रात्र वीज असलेल्या जागी, असे मुक्काम ठरवले आहेत.

एडमंटनला उतरल्यावर चार दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आपल्या आणि तिथल्या घड्याळात साडेअकरा तासांचा फरक. शरीराला दिवस-रात्र उलटी झालेली असते. त्या चार दिवसांत मोकळ्या जागेत मोठी गाडी वळवायचा, मागे घ्यायचा सराव.

दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर नाही. दोन तासांनी चालक बदलायचा, आणि उतरून चालायचं. दुपारी दोन ते चार गाडी उभी. ती वेळ कुणाच्याही डोळ्यांवर झापड आणणारी. जेवून झोपा.

आणि शेवटचा नियम, दादाने सांगितलेला, मी लिहिलेला. आदल्या रात्री यंत्र चार तासांपेक्षा कमी चाललं असेल तर दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवणार नाही. दादाची सकाळची साखर आणि माझे यंत्राचे तास, दोन्ही आकडे चहाच्या वेळी एकमेकांना दाखवायचे. वाद घालायचा नाही. दोघांचेही आकडे बिघडले तर त्या दिवशी मुक्काम.

तीन महिने पूर्ण होऊन यंत्रातली नोंद तपासून झाली आहे. तासाला श्वास अडण्याचा आकडा आता तीन. त्या तरुण डॉक्टरने परवानगी दिली. प्रेशरची एक गोळीही कमी झाली. मागच्या रविवारी मी सौ.ला घेऊन पुण्याला जाऊन आलो, मीच चालवत. परतताना पाचवडला गाडी थांबवली, त्याच हॉटेलात चहा घेतला आणि दोन वर्षांपूर्वीची गोष्ट तिला सांगितली. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. त्या दिवशी तुमचे हात थरथरत होते." तेवढंच.

तुम्ही अलास्काला जाणार नसाल. पंढरपूरला जाल, कोकणात जाल, मुलीकडे नाशिकला जाल. जाण्याआधी प्रत्येकाचं एक पान करा. गाडी जो चालवणार आहे त्याचं पान सगळ्यात आधी करा, आणि ते त्याला स्वतःला लिहू देऊ नका. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा: घोरणं मध्येच थांबतं का? दिवसा डुलतो का? मान जाड झाली आहे का, प्रेशर गोळ्यांना दाद देत नाही का? आपल्याकडे फार लठ्ठ नसलेल्या माणसांनाही हा आजार होतो, आणि बायकांनाही होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. उत्तर हो असेल तर तुमच्या डॉक्टरांना भेटा. गोळ्या आपल्या मनाने बदलू नका, यंत्र आपल्या मनाने विकत घेऊ नका; आधी तपासणी.

साताऱ्याची पाटी तयार झाली आहे. पेंटरने अक्षरं सुरेख काढली आहेत. ती मोठ्या बॅगेत जाईल. सीपॅप मात्र माझ्या खांद्यावर.

काळजी घ्या.